पाळीचा रक्तस्राव : सोसण्याचा नव्हे, सांगण्याचा विषय
(पालक मेळाव्यातील व्याख्यान)



घरातील प्रत्येकाच्या औषधाची वेळ जिला तोंडपाठ असते, तीच माउली स्वतःचा अतिरक्तस्राव मात्र ‘वयाप्रमाणे चालायचेच’ म्हणून सोसत राहते. हे सोसणे अनेकदा महागात पडते.

पाळीचे चक्र साधारणतः २४ ते ३८ दिवसांचे असते आणि स्राव आठ दिवसांच्या आत थांबतो. तासातासाला पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, ही अस्वाभाविकतेची लक्षणे होत.

त्यामागील कारणे दोन प्रकारची असतात. काही गर्भाशयाच्या रचनेतील : पॉलिप, फायब्रॉइडच्या गाठी, अस्तर स्नायूंत शिरणे आणि कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था. काही कार्यातील : बीजविमोचनातील अनियमितता, रक्त गोठण्यातील दोष, अस्तराचे विकार, तसेच रक्त पातळ करणारी औषधे किंवा तांबी यांचा परिणाम. थायरॉइडचे विकार आणि पीसीओएस यांमुळे बीजविमोचन बिघडते.

वयानुसार शंकेची दिशा बदलते. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. परंतु पहिल्या पाळीपासूनच अतिस्राव होत असेल, तर रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष तपासावा लागतो. प्रजननवयात प्रथम गर्भधारणेची शक्यता पाहतात. चाळिशीनंतर स्थूलता आणि मधुमेह यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शरीरातील मेद इस्ट्रोजेन निर्माण करतो. त्याला प्रोजेस्टेरॉनचा तोल न मिळाल्यास अस्तर जाड होत जाते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी वर्षभर थांबल्यानंतर दिसलेला रक्ताचा एक डागही तपासून घ्यावाच. बहुधा कारण साधे निघते. पण ते तपासणीनेच ठरते.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. आहारातील उणीव हे त्याचे एक कारण. दरमहा वाहून जाणारे लोह हे दुसरे. जिना चढताना लागणारी धाप, वर्गात पेंगणारी मुलगी, यांकडे आळस म्हणून पाहू नये.

स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब असतो. तिथेच पाळीच्या तारखांचीही खूण असावी. ती नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. आणि तिच्यासोबत दवाखान्यात जाणे, हे केवळ लेकीचे नव्हे, पतीचे आणि मुलाचेही कर्तव्य आहे.