माशांच्या पेटीवरचा हलता दिवा

दवाखान्यात, दुकानात काचेच्या पेटीतले मासे आपण बघतो. त्या पेटीवरचा हलता दिवा आम्ही गटातल्या बाया बनवतो. नदीच्या तळाशी ऊन हलावं, तसा त्याचा उजेड दिसतो.

सामान थोडंच. 12 व्होल्टचा एलईडी दिवा, 12 व्होल्टचीच गिअर मोटर, पत्र्याची पट्टी, दिवा सरकायला पन्हळ आणि अडॅप्टर. दिवा थेट मोटरवर बसवला तर तो गोलगोल फिरतो, वायरला पीळ पडतो. म्हणून शिवणयंत्र आठवा. तिथं पायटा हलला की चाक फिरतं. इथं उलटं, मोटर फिरते आणि दिवा पुढंमागं सरकतो. मोटरला 5 सेंटिमीटरचा हात लावला की दिवा 10 सेंटिमीटर सरकतो. मोटर मिनिटाला साडेतीन फेरे घेणारी घ्या, म्हणजे एक येरझार साधारण 17 सेकंदांची होते. झपाट्यानं हलणाऱ्या उजेडाला मासे बिचकतात.

आता जिवाची गोष्ट. अडॅप्टरमध्ये 230 व्होल्ट येतात, म्हणून तो पाण्यापासून लांब ठेवा. वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या. ओघळलेलं पाणी झोळावरूनच खाली टपकेल. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण हवंच. पेटीत हात घालण्याआधी प्लग काढा.

दिवा दिवसाला आठेक तास पुरे. जास्त उजेडानं शेवाळ माजतं. शिवाय या माशांना पापण्या नसतात, रात्री त्यांना अंधार लागतो.

हे सगळं सांगितल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात दिवा देत नाही. त्या घरातही लेकरं आहेत, आणि मासे बघायला तीच आधी धावतात.