अलीकडे वाचलेली काही पुस्तके
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





'वाचनाचे महत्त्व' या विषयावर दोन शब्द बोलावेत असे मला सुचविण्यात आले होते. परंतु वाचनाचे महत्त्व आपणां सर्वांना पाठ आहे. निबंधात आपण ते दरवर्षी लिहितो आणि निबंध संपला की वही मिटून ठेवतो. म्हणून मी थोडी सवलत घेणार आहे. गेल्या काही महिन्यांत मी जी चार-पाच पुस्तके वाचली, त्यांच्याविषयी मला काय वाटले एवढेच सांगणार आहे. मी कोणी समीक्षक नाही. चहा घेता घेता आपण मित्राशी जसे बोलतो, तसेच हे बोलणे समजावे.

पहिले पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी'. ही कादंबरी 1955 साली प्रसिद्ध झाली. माणदेशातील एका धनगरवाडीवर एक तरुण मास्तर बदलून येतो. शाळा आहे, पण मुले नाहीत. पोरगा शाळेत बसला तर मेंढरांमागे कोण जाणार, हा तेथील बापांचा प्रश्न. पालकहो, हा प्रश्न आपल्याला नवा आहे काय? मेंढरांच्या जागी गॅरेज घाला, बेकरी घाला, भाजीची गाडी घाला. प्रश्न तोच राहतो. मला विशेष आवडले ते असे की, लेखक त्या बापांना मूर्ख ठरवीत नाही. त्यांची अडचण खरी आहे हे त्याला ठाऊक आहे. मास्तरही भाषणे ठोकीत नाही. तो लोकांचे कागदपत्र वाचून देतो, त्यांच्या अडीअडचणीत उभा राहतो, आणि मग हळूहळू मुले येऊ लागतात. वाडीत आयबू नावाचा एक मुसलमान तरुण आहे, तो मास्तराचा सोबती होतो. त्याचे वेगळे कौतुक नाही की वेगळी दयाही नाही. वाडीतल्या इतर माणसांसारखाच तो एक माणूस आहे. मला ते फार बरे वाटले. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. शेवट गोड नाही, म्हणून काही विद्यार्थी नाराज होतील. मी झालो नाही.

दुसरे पुस्तक 'तोत्तोचान'. मूळ पुस्तक जपानी, तेत्सुको कुरोयानागी यांचे, 1981 सालचे. मराठीत ते चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणले आहे. एका लहान मुलीला पहिल्याच इयत्तेत शाळेतून काढून टाकतात. कारण ती तासाला खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते. आई तिला दुसऱ्या शाळेत घेऊन जाते. तेथे वर्ग भरतात आगगाडीच्या जुन्या डब्यांत. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि तिचे बोलणे चार तास ऐकत राहतात. त्या शाळेच्या क्रीडास्पर्धांत ताकाहाशी नावाचा खुजा मुलगा पहिला येतो, कारण मुख्याध्यापकांनी खेळच असे योजलेले असतात की त्याचे लहान हातपाय तेथे उपयोगी पडावेत. बक्षीस म्हणून मिळतात भाज्या! स्वतःच्या कष्टाने मिळविलेली भाजी घरी सर्वांना खाऊ घालायची.

येथे मी एक शिक्षक म्हणून कुरकुर करतो. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकेकाचे चार तास ऐकायचे म्हटले तर वर्ष पुरणार नाही. कोबायाशींच्या शाळेत मुले अगदी थोडी होती. पण पालकांसाठी त्यात एक गोष्ट आहे आणि तिला वर्गसंख्येची अडचण नाही. आपल्याला शाळेतून काढून टाकले होते, हे त्या मुलीला वयाची वीस वर्षे उलटेपर्यंत ठाऊकच नव्हते. आईने ते सांगितलेच नाही. नवी शाळा पाहायला जायचे का, एवढेच तिने विचारले. आपल्याकडे मूल नापास झाले की संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला कळते, आणि पुष्कळदा ते आपणच सांगितलेले असते. ती शाळा 1945 साली विमानांच्या बॉम्बहल्ल्यात जळाली. बनगरवाडीची शाळा दुष्काळाने गेली, ही युद्धाने गेली. दोन्ही शाळा थोडीच वर्षे चालल्या. पण तेथे मुलांशी कोण कसे वागले, ते पुस्तकांत राहिले.

तिसरे, वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर'. हे 1981 साली निघाले आणि आजही खपते आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकेत गुलामांच्या घरी जन्मला. काळ्या मुलांची शाळा दुसऱ्या गावी, म्हणून लहानपणीच घर सोडले. लोकांचे कपडे धुऊन शिकला. एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष गेल्यावर कातडी पाहून नाकारला. पुढे तो आयोवाच्या कृषी महाविद्यालयात शिकला. 1896 साली टस्कीगीच्या संस्थेत शिक्षक म्हणून गेला आणि 1943 साली मरेपर्यंत तेथेच राहिला. कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमुगासारखी पिके घ्या, हे तो शेतकऱ्यांना सांगत राहिला. शेतकरी शाळेत येत नाहीत म्हणून 1906 साली घोडागाडीवर शाळा घालून त्यांच्याकडे नेण्यात आली.

विद्यार्थ्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र एक सूचना. शेंगदाण्याचे लोणी, म्हणजे पीनट बटर, कार्व्हरने शोधले असे वक्तृत्वस्पर्धेत पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. ते त्याच्या आधीपासून होते. थोर माणसाला न केलेल्या कामाचे श्रेय देण्याची गरज नसते. त्याने केलेले काम पुरेसे मोठे आहे.

चौथी आहे एक गोष्ट, प्रेमचंदांची 'ईदगाह', 1933 सालची. ती मी पुन्हा वाचली. चार-पाच वर्षांचा पोरका हामिद तीन पैसे घेऊन ईदेच्या मेळ्यात जातो. सोबतची मुले मातीची खेळणी घेतात आणि हा दादीची बोटे भाजू नयेत म्हणून चिमटा घेतो. परीक्षेत सगळे लिहितात, 'या पाठातून आपल्याला त्यागाची शिकवण मिळते.' गुण मिळतात. पण मला हामिद आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. चिमटा खांद्यावर टाकून तो सगळ्या पोरांशी वाद घालतो आणि आपला चिमटा त्यांच्या शिपायापेक्षा आणि वकिलापेक्षा कसा शूर आहे हे पटवून देतो. तो बिचारा नाही, चांगला वस्ताद आहे! गरीब मुलाकडे स्वाभिमान आणि हजरजबाबीपणा असतो हे त्या गोष्टीत आहे, आणि उत्तरपत्रिकेत तेवढेच येत नाही.

पाचवे, लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर अक्षरे शिकल्या आणि तोंडाने जसे बोलत तसेच लिहिले. आज मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते. जाडजूड आहे, घाबरू नये, हसत हसत वाचून होते. हे पुस्तक मी विशेषतः मुलींसाठी सांगतो आहे. आपल्या पुष्कळ घरांत दखनी बोलली जाते, शाळेत मराठी. मराठी चुकेल या भीतीने वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुली मी रोज पाहतो. त्यांना माझे सांगणे आहे की, बाई गं, आधी बोल, लिही. ऱ्हस्व-दीर्घ मागाहून सुधारता येते. बोललेच नाही तर सुधारायचे काय?

आता न आवडलेले पुस्तक. नाव सांगत नाही. यशस्वी कसे व्हावे, अशा विषयावरचे होते. त्यात प्रत्येक प्रकरणात पहाटे पाचला उठण्याचा उपदेश आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा पहाटे चारला उठून पावाच्या लाद्या पोचवतो आणि मग शाळेत येतो. त्या लेखकाच्या हिशेबाने तो एव्हाना कोट्यधीश व्हायला हवा होता. तो पहिल्या तासाला पेंगतो, एवढेच खरे. त्याला उपदेशाची नव्हे, वेळेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची गरज आहे. तरीही ज्यांना असली पुस्तके आवडतात त्यांनी ती खुशाल वाचावीत. वाचण्याची सवय त्यानेही लागते.

एका पालकांनी मला विचारले, "सर, ही पुस्तके वाचून मार्क किती वाढतात?" प्रश्न रास्त आहे. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे की, मार्कांची हमी मी देत नाही. पण वर्गात मी एवढे पाहतो की, अवांतर वाचणारे मूल नवा उतारा समोर आला की बिचकत नाही. पाठ केलेले उत्तर विसरले तरी ते स्वतःचे दोन शब्द लिहू शकते. उद्या बँकेचा फॉर्म, कोर्टाची नोटीस, दवाखान्याचा कागद समोर आला तर ते वाचून घ्यायला त्याला दुसऱ्याचे दार ठोठवावे लागणार नाही.

शेवटी तीन विनंत्या. पहिली संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप असावे, पण त्याची किल्ली रोज निदान एक तास विद्यार्थ्यांच्या हाती असावी. पुस्तक हरवले तर नवे घेता येते, वाचनाचे वय गेले तर ते आणता येत नाही. दुसरी पालकांना. ज्या मुलींची शाळा आठवी-नववीत सुटली, त्यांनाही ही पुस्तके घरी नेऊ द्या. ज्या अम्मींना वाचता येत नाही, त्यांनी रोटी करता करता मुलांकडून एक पान ऐकावे. तिसरी आम्हा शिक्षकांना. मुलाने पुस्तक परत आणले की 'काय बोध घेतलास?' असे विचारू नये. 'आवडले का? कुठे कंटाळा आला?' असे विचारावे. त्याचे मत आपल्यापेक्षा वेगळे निघाले, तर ते पुस्तक त्याने खरोखर वाचले असे समजावे.