पालकसभेला आलेल्या आज्या

गटाची बैठक आटोपून, चूल सारवून, कुणी निवडायला घेतलेली डाळ मांडीवर ठेवून ऐकत असाल. ऐका तशाच. हात थांबवू नका.

आम्ही चौघी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाया. बालाघाटच्या डोंगरातली आमची गावं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते पाडव्यालाच परत येतं. आम्हाला 2018 साली शिक्षकांच्या देवाणघेवाणीच्या एका दौऱ्यात दहा दिवस चीनला जायला मिळालं. तिकडचे शिक्षक आधी इकडे येऊन गेले होते, मग आमची पाळी आली. परत आल्यापासून जिथं जाऊ तिथं बाया एकच विचारतात, "बाई, तिकडं खातात काय?" ते सांगूच. पण ज्या गोष्टीनं आमची झोप उडवली, तीही आज सांगायची आहे.

मार्च संपता संपता आम्ही बेजिंगला उतरलो. तिथून रेल्वेनं हेबेई प्रांतातल्या शिजियाजुआंग शहरात गेलो. पावणेतीनशे किलोमीटरचं अंतर सव्वा तासात कापलं. खिडकीतून बघावं तिकडं गव्हाचं हिरवं रान. तिकडे गहू थंडीत बर्फाखाली दबून राहतो आणि जूनमध्ये काढणीला येतो.

आधी शहरातली शाळा सांगतो. सोमवारी सकाळी सगळी शाळा मैदानात. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, मुलांच्या गळ्यात लाल रुमाल. एका वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं, म्हणजे गर्दी आपल्यासारखीच. फरक दुसरीकडे होता. मधल्या वेळेत कर्ण्यावर गाणं लागलं आणि सगळ्या मुलांनी डोळे मिटून भुवयांच्या कडा, नाकाचा शेंडा जिथं सुरू होतो ती जागा, कानशिलं बोटांनी चोळायला सुरुवात केली. डोळ्यांचा व्यायाम! 1960 च्या दशकापासून चीनच्या शाळांत हे रोज चालतं. मुलांना लवकर चष्मे लागतात, म्हणून. लागायचे ते चष्मे लागतातच, हेही तिथल्या बाईंनी हसत सांगितलं.

चष्मे लागणारच. प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलाला सुमारे 3000 अक्षरचिन्हं ओळखावी लागतात. आपली बाराखडी एकदा आली की मूल कोणताही शब्द वाचू शकतं. त्यांना प्रत्येक चिन्ह वेगळं गिरवावं लागतं. आणि उच्चाराचा हेल बदलला की अर्थ बदलतो. आमच्यातल्या एकीनं वर्गात मोठ्या उत्साहानं 'आई' म्हणायचा प्रयत्न केला, तर मुलं पोट धरून हसली. 'मा'चा हेल चुकला होता आणि आईचा घोडा झाला होता.

आता शिक्षकांचं. तिकडे प्राथमिकच्या बाईसुद्धा बहुतेक एकच विषय शिकवतात. दिवसाला दोन-तीन, फार तर चार तास. उरलेल्या वेळात वह्या तपासायच्या आणि त्या विषयाच्या सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून पाठाची तयारी करायची. एक जण शिकवतो, बाकीचे मागच्या बाकावर बसून बघतात आणि नंतर तोंडावर सांगतात की इथं मुलं अडखळली, इथं तू घाई केलीस. आमचं पहिलं बोलणं असं झालं, "अगं बाई, असं कुणी आपल्या मागं बसलं तर आपण रुसून बसू." पण ज्या नव्या बाईंचा पाठ चालला होता त्या रुसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आपल्याकडे सासू सुनेच्या भाकरीला नावं ठेवते ते वेगळं, आणि शेजारी बसून "पीठ जरा अजून मळ" म्हणते ते वेगळं. हे दुसऱ्या जातीचं होतं.

शिक्षकाला तिकडे 'लाओशी' म्हणतात. त्यातल्या 'लाओ'चा अर्थ म्हातारा. म्हणजे बावीस वर्षांची पोरगी शिकवायला लागली की तीही मानानं म्हातारी!

पाचव्या दिवशी आम्ही शहर सोडून डोंगराकडच्या एका गावात गेलो. खरी गोष्ट इथून सुरू होते.

ती निवासी शाळा होती. सात-आठ वर्षांची लेकरं सोमवार ते शुक्रवार तिथंच राहतात. एका खोलीत दुमजली खाटा, गोधड्या चौकोनी घडी घातलेल्या, खाली प्लास्टिकच्या तसराळ्यांची ओळ, गरम पाण्याचे थर्मास रांगेत. तिकडे कुणी थंड पाणी पीत नाही. लहान पोरंसुद्धा वाफाळतं पाणी फुंकून फुंकून पितात. झाडलोट मुलंच पाळीपाळीनं करतात. दुपारी जेवण झालं की झोप.

त्या दिवशी पालकसभा होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. पालक येऊ लागले आणि आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. सगळ्या आज्या! कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या हातात काठी. अधूनमधून एखादा आजोबा. आई-बाप म्हणावेत असे दोन-चारच.

आमच्याबरोबर हिंदी शिकलेली एक तरुण मुलगी दुभाषी म्हणून होती. तिला विचारलं, "यांचे आई-वडील कुठं?" ती म्हणाली, "शहरात. कारखान्यात, बांधकामावर."

मग तिनं समजावलं. चीनमध्ये प्रत्येक कुटुंबाची नोंद एका गावाला बांधलेली असते. रेशनकार्डासारखं समजा, पण त्याहून जड. शहरात काम मिळतं, पण नोंद गावाची असली तर लेकराला शहरातल्या सरकारी शाळेत घालणं फार अवघड पडतं. मग आई-बाप जातात आणि लेकरं मागं राहतात. वर्षातून एकदा, वसंताच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, आई-बाप घरी येतात. 2016 साली सरकारनं मोजणी केली, तेव्हा आई-वडील दोघंही बाहेर असलेली, सोळा वर्षांखालची खेड्यातली मुलं 90 लाखांच्या आसपास भरली. त्यातली बहुतेक आजी-आजोबांकडे राहत होती.

सभेनंतर एक आजी आम्हाला घरी घेऊन गेली. बापाच्या आईला तिकडे 'नाईनाई' म्हणतात, आईच्या आईला वेगळा शब्द. आपल्यासारखंच. मामा वेगळा, काका वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. आत्याला 'गूगू' आणि मामाला 'ज्यूज्यू' ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. इंग्रजीत सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात.

नाईनाईनं चुलीवर पेज केली. आम्ही भांड्यात डोकावलो, तर राळे! आपल्याकडे जुन्या बाया राळ्याचा भात करायच्या तेच पिवळे राळे. उत्तर चीनमध्ये ते हजारो वर्षांपासून पिकतात. तिकडे बाळंतिणीला हीच पेज तांबडी साखर घालून देतात. महिनाभर बाळंतीण घराबाहेर पडत नाही, गार पाण्यात हात घालत नाही, डोकं बांधून ठेवते. आम्ही आपल्या सव्वा महिन्याचं, डिंकाच्या लाडवाचं, शेक-शेगडीचं सांगितलं. नाईनाईला इतका आनंद झाला की ती आमच्या पाठीवर थापा मारायला लागली. सोबत मांतोउ होता, वाफेवर फुगवलेला गव्हाचा पांढरा गोळा, भाकरीच्या जागी खायचा. आम्ही दोघी माळकरी. आमच्यासाठी तिनं कोबी आणि टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, वेगळ्या कढईत केलं.

जेवताना तिनं आपलं नाव सांगितलं. दुभाषी मुलगी जरा गप्प झाली. आम्ही अर्थ विचारला. ती म्हणाली, "झाओदी म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण."

मैत्रिणींनो, आम्ही चमच्यातली पेज तशीच धरून राहिलो. आपल्याकडे काय नाव ठेवतात? नकोशी. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली होती, तुम्हाला आठवत असेल. डोंगर बदलला, भाषा बदलली, नाव तेच. आम्ही 'नकोशी'चा अर्थ सांगितला. नाईनाई काही बोलली नाही. तिनं आमच्या वाटीत आणखी एक डाव पेज वाढली.

मग नातीची वही तिनं पुढं ठेवली. तिला स्वतःला फारसं वाचता येत नव्हतं. पण रोज काय करते? शनिवार-रविवारी नात घरी आली की तिला समोर बसवते आणि सांगते, "मला वाचून दाखव." नातीनं अडखळत वाचलं तर म्हणते, "मला नाही समजलं, परत वाच." दुभाषी मुलीनं विचारलं, "आजी, तुम्हाला कळतं का ती बरोबर वाचते की चूक?" नाईनाई म्हणाली, "शब्द नाही कळत. पण अडली की मला कळतं."

आम्ही निघालो तेव्हा ती एकच वाक्य म्हणाली. "पोरीची आई पैसे पाठवते, मी पोरीला पाठवते शाळेत. दोघींचं काम सारखंच."

त्या रात्री आम्ही चौघी झोपलो नाही. तिकडे आई-बाप जातात, लेकरू राहतं. आपल्याकडे उचल घेतली की मुकादम कोयता मोजतो, आणि कोयत्याबरोबर लेकरूही जातं. फडाच्या कडेला कोपीत राहतं, धाकट्याला सांभाळतं. हजेरीपटावर त्याचं नाव आणि पुढं चार-पाच महिने रिकामे रकाने. आम्ही इतकी वर्षं ते रकाने भरत आलो. पण त्या लेकराच्या आजीला कधी शाळेत बोलावलं? कधीच नाही. पालकसभेची चिठ्ठी आईच्या नावानं, आणि आई फडात.

दौऱ्याच्या शेवटी शिजियाजुआंगला परतलो. तिथं हुतात्म्यांचं मोठं स्मशानस्थळ आहे आणि तिथं आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यातले ते एक. तिथंच त्यांनी परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. मुलगा काही महिन्यांचा असतानाच, 9 डिसेंबर 1942 ला, डॉक्टर गेले. वय अवघं 32. आम्ही गेलो तेव्हा चिंगमिंगचा सण आला होता. त्या दिवसांत लोक पूर्वजांच्या समाध्या झाडून फुलं वाहतात, आपल्या पितरांच्या दिवसांसारखं. शाळेची मुलं रांगेनं येऊन आपल्या कोटणीसांना फुलं वाहत होती. आमच्यातल्या सोलापूरच्या लेकीला रडू आवरेना. एका छोट्या मुलीनं आपल्या हातातलं एक फूल काढून तिला दिलं.

तिकडे सगळं गोड आहे असं समजू नका. बारावीनंतर जूनमध्ये एक परीक्षा असते, 'गाओकाओ'. त्या वर्षी जवळपास एक कोटी मुलं बसणार होती. त्या एका परीक्षेवर कॉलेज ठरतं, म्हणून मुलं रात्री उशिरापर्यंत पुस्तकात डोकं घालून असतात. पुढं 2021 साली सरकारनं गृहपाठ कमी करायचा आणि नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांना लगाम घालायचा नियम केला, म्हणजे ओझं किती झालं असेल बघा. आणि आईविना झोपणारी ती सात वर्षांची लेकरं. वसतिगृहात एका खाटेवर उशीखाली आईचा स्वेटर घडी करून ठेवलेला आम्ही पाहिला. तशी व्यवस्था आपल्याकडे यावी, असं आम्ही म्हणणार नाही.

मग आणलं काय? एक आजी आणली म्हणा.

त्या वर्षी दसऱ्याआधी आम्ही आमच्या गावात आज्यांची सभा घेतली. पहिल्यांदा तिघीच आल्या. "आम्ही अडाणी, आम्हाला काय विचारता बाई?" म्हणाल्या. आम्ही नाईनाईची गोष्ट सांगितली. दुसऱ्या सभेला चौदा जणी आल्या. टोळ्या निघायच्या वेळी जाणाऱ्या अकरा मुलांपैकी सहा मागं राहिली. चार आजीकडे, दोन हंगामी वसतिगृहात. बचत गटानं त्या आज्यांच्या घरी ज्वारी पोचवली, कारण भूक लागली की शाळा कुणाला सुचत नाही. पाच मुलं गेलीच. त्यातली एक चौथीतली, फार हुशार. तिला आजी नव्हती आणि धाकटा भाऊ अंगावर पिणारा होता. ती पाडव्याला परत आली तेव्हा जोडाक्षरं विसरली होती. आम्हाला अजून तिचा चेहरा आठवतो. जिला आजी नाही तिची आजी कोण, या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नाही. ते गटाकडे असेल, म्हणून तर आज बोललो.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गावातून कोण कोण टोळीला जाणार, त्यांची लेकरं किती, आणि त्यांना ठेवून घेईल अशी आजी, मावशी, चुलती कोण, याची यादी करा. उचल घेण्याआधी करा, नंतर नाही. ज्या घरी लेकरू राहील त्या घरी गटातल्या एकीनं आठवड्यातून एकदा जाऊन यायचं. आणि लेकरू वही घेऊन समोर बसलं तर, वाचता येत असो वा नसो, इतकंच म्हणा, "मला नाही समजलं, परत वाच."

येतो आम्ही. राम राम.