अडखळणारी साक्ष

लैंगिक शोषणास बळी पडलेली मुलगी न्यायालयांत अडखळते, तारखा विसरते. आणि ऐकणारे तिला खोटी ठरवितात. परंतु तीव्र भयाच्या क्षणीं मेंदूंतील ‘अमिग्डाला’ हें बदामाएवढें केंद्र उद्दीपित होतें, व प्रसंगांची संगति लावणाऱ्या ‘हिपोकॅम्पस’चें कार्य विस्कळित होतें. त्यामुळें एखादा आवाज पक्का स्मरतो, क्रम मात्र निसटतो. भारतांतील २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें साक्षीच्या वेळीं वारंवार विश्रांति व विश्वासाचें माणूस जवळ असण्याची जी सोय केली, ती या दृष्टीनें मोलाची आहे.

पौगंडावस्थेंत मेंदूची घडण चालूच असते. म्हणून सावरण्याचीहि शक्यता असते. मानसशास्त्रज्ञ ॲन मास्टेन यांनीं २००१ सालीं प्रतिपादिलें कीं, हें बळ दुर्मिळ नव्हे. नित्याच्या साध्या आधारांतूनच तें उपजतें. तेव्हां तिचें अडखळणें खोटेपणा मानूं नये, आणि तिची शाळा तुटूं देऊं नये.