आंत उतरली तर लाजायचे कशाला?

(वरठी येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



धानाचा उत्पादन खर्च काढताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, चिखलणी धरतो, रोवणीची मजुरी धरतो. बैलाची झीजसुद्धा धरतो. माणसाच्या शरीराची झीज मात्र कोणत्याच हिशेबात येत नाही. आज अशाच एका दुखण्याविषयी बोलायचे आहे. डॉक्टर त्याला हर्निया म्हणतात, जुनी माणसे अंतर्गळ म्हणतात, आपण 'आंत उतरली' म्हणतो. धोतराआड वर्षानुवर्षे झाकून ठेवलेले हे दुखणे आहे.

हे होते कसे? मूल आईच्या पोटात असताना मुलाच्या अंडगोळ्या त्याच्याच पोटातून जांघेच्या वाटेने खाली उतरतात. ती जागा पुढे जन्मभर थोडी कमजोर राहते. बांधीच्या बांधाला खेकड्याने भोक पाडले तर आधी पाणी नुसते झिरपते. दाब वाढला की भोक मोठे होते. इथेही तसेच. जुनाट खोकला, शौचाला कुंथणे, उतारवयात लघवीला जोर करावा लागणे, जड ओझे उचलणे, यांनी पोटातला दाब वाढतो आणि आतडे त्या कमजोर जागेतून बाहेर डोकावते. कट्टे उचलणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही आणि खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनालाही होते. शंभर पुरुषांपैकी सुमारे २७ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हे दुखणे होते. मग यात लाज कसली? हे ना पापाचे फळ, ना मर्दानगी गेल्याची खूण.

बायकांमध्ये प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. पण त्यांच्यात जांघेच्या जरा खालच्या जागेतून येणारा हर्निया जास्त आढळतो, आणि तो लवकर अडकतो. म्हणून जांघेत गाठ लागली तर मायबहिणींनी अंगावर काढू नये. तान्ह्या मुलाच्या जांघेत फुगा दिसला तर तोही लगेच दाखवावा.

ओळखायचे कसे? उभे राहिल्यावर, खोकल्यावर जांघेत फुगवटा येतो. आडवे झाले की बहुधा आत जातो. आपल्या जिल्ह्यात हत्तीपायाचा रोग जुना आहे. त्याने अंडाशी पाणी साचते, त्याला हायड्रोसिल म्हणतात. ती सूज आडवे झाल्याने जात नाही. दोन्ही दुखणी वेगळी, दोन्हींचा इलाज वेगळा. नक्की कोणते ते डॉक्टरलाच ठरवू द्या.

काहीजण पट्टा बांधून वर्षे काढतात. पट्टा म्हणजे बांधाच्या भोकावर पाय देऊन उभे राहणे. पाय काढला की पाणी वाहते. गोळीने, लेपाने, मालिशने भोक बुजत नाही. बुजते ते ऑपरेशननेच. मात्र ते आजच्या आज केले पाहिजे असेही नाही. अमेरिकेत ७२० पुरुषांवर केलेला अभ्यास २००६ साली छापून आला. ज्यांना त्रास नाही किंवा अगदी कमी आहे, त्यांनी डॉक्टरच्या नजरेखाली थांबले तरी आतडे एकाएकी अडकण्याचा धोका फार थोडा, असे त्यात दिसले. पण पुढे दहा वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी दुखू लागल्यामुळे ऑपरेशन करून घेतलेच.

ऑपरेशनमध्ये कमजोर जागेवर बारीक जाळी शिवतात. ही जाळी महाग. यावर आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी तोड काढली. त्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळीच्या जागी वापरले. इतर सर्जनांना सोबत घेऊन केलेले हे काम २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केले. पुढे आफ्रिकेत युगांडामध्ये ३०२ पुरुषांवर महागडी जाळी आणि मच्छरदाणीची जाळी यांची तुलना झाली. २०१६ साली निकाल आला: एका वर्षानंतर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. खेड्यातल्या डॉक्टरची अक्कल जगाच्या कामी आली. शेतकऱ्याच्या अकलेलाही असाच मान मिळाला पाहिजे.

आता हिशेब करू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय वरठीहून लांब नाही. ऑपरेशननंतर माणूस बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतो. हलकी कामे आठ-पंधरा दिवसांत होतात. जड ओझे साधारण महिना-दीड महिना टाळावे. म्हणजे चुरणा आटोपल्यावर ऑपरेशन केले तर रोवणीपर्यंत माणूस पुन्हा बांधीत उभा. आणि टाळत राहिलो तर? आतडे नेमके ऐन रोवणीत, मध्यरात्री अडकते. मग मिळेल ती गाडी, मिळेल तो दवाखाना, मागतील तो पैसा. भाव पडला म्हणून घाईघाईत धान विकणाऱ्यासारखी गत होते. आपली वेळ आपण निवडली तर सौदा आपल्या हातात राहतो.

एवढे मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे. फुगवटा आत जाईना, कडक झाला, फार दुखू लागला, लाल-काळा पडला, उलट्या सुरू झाल्या, संडास-वारा बंद झाला, तर आतडे अडकले असे समजा. रक्त बंद पडले की काही तासांत आतडे सडते. अशा वेळी जोराने दाबू नका, चोळू नका, जुलाबाचे औषध देऊ नका, खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा आणि जिथे सर्जन आहे तिथे न्या. सकाळची वाट पाहू नका.

खोकला असेल त्याने बिडी सोडावी, शौचाला कडक होत असेल त्याने भाजीपाला आणि पाणी वाढवावे. दुखणे असलेल्याने कट्टा एकट्याने उचलू नये, दोघांनी उचलावा.

शेवटी कार्यकर्त्यांना एक काम. गावी गेल्यावर ही गोष्ट चावडीवर मोकळेपणाने बोला. झाकून ठेवणारा कुणी असेल तर त्याची थट्टा करू नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा. घामाला दाम मागणाऱ्यांनी घाम गाळणारे शरीरही राखले पाहिजे.