साध्या फोनचं गिऱ्हाईक



म्हैसूरच्या देवराज अर्स रस्त्यावर मोबाईलच्या दुकानात गेलात, तर दर्शनी काचेत महागडे फोन झळकत असतात. कीपॅडचा फोन मागितला की दुकानदार खाली वाकून खणातून काढतो. तो घेणारं गिऱ्हाईक आधी भाव विचारतं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतं, ‘यात व्हॉट्सअ‍ॅप चालतं का?’ कॅमेऱ्याची चौकशी क्वचितच.

फोन कंपन्यांनी ही नस फार आधी ओळखली होती. पूर्वी सणाच्या दिवशी एसएमएसचा पॅक चालत नसे, दसऱ्याच्या शुभेच्छांनासुद्धा पूर्ण दर पडे. त्यात 2011 साली दूरसंचार नियामक ट्रायने दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली. ती पुढे दोनशेवर नेली. अशा वेळी इंटरनेटवरून जाणारा निरोप स्वस्त पडणारच. 2013 मध्ये नोकियाने आशा 210 काढला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपसाठी त्यावर चक्क वेगळं बटण दिलं.

मग जुलै 2017 मध्ये मुकेश अंबानींनी जिओफोन जाहीर केला. 1500 रुपये अनामत, 2.4 इंचांचा पडदा, फोर-जी. पण व्हॉट्सअ‍ॅप नाही! कंपनीचं स्वतःचं जिओचॅट होतं. मात्र आत्या, मावशी, भाचे-पुतणे सगळे दुसरीकडे. रिकाम्या वाड्यात हाका मारून काय उपयोग? वर्षभराने, सप्टेंबर 2018 मध्ये, व्हॉट्सअ‍ॅप त्या फोनवर आलं.

आता आपल्या इथल्या मराठी घरांकडे बघा. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात राहिलेली कितीतरी माणसं घरात मराठी बोलतात, पण शिकली कन्नडमधून. पुण्या-कोल्हापूरच्या नातलगांनी देवनागरीत लांबलचक मजकूर धाडला की तो नातवाकडून वाचून घ्यावा लागतो. उत्तर लिहायचं तर एकेका अक्षरासाठी तेच बटण तीन-तीनदा दाबा. त्यापेक्षा माइकचं चित्र निवडायचं, ‘अगं, चाकवताची भाजी केली होती, तुझी आठवण आली,’ असं बोलायचं आणि पाठवून द्यायचं. लिपी आडवी येत नाही. माझ्या मते साध्या फोनची खरी विक्री झाली ती या बोलत्या निरोपावर.

पण फोन आपला असला तरी त्यातलं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या मर्जीवर चालतं. ज्या वर्षी ते जिओफोनवर आलं, त्याच वर्षाच्या अखेरीस नोकियाच्या एस-40 मालिकेवरून त्याने हात काढून घेतला. आशा 210 त्याच मालिकेतला. फोन धडधाकट, बॅटरी शाबूत, आणि ते खास बटण दाबलं तर निरोप काही जाईना. जिओफोनमध्ये जी कायओएस प्रणाली आहे, तिच्या अ‍ॅपच्या दुकानातूनही जून 2024 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप उतरवलं गेलं.

औषधाच्या पाकिटावर मुदत छापावी लागते. फोनच्या खोक्यावर व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं चिन्ह छापणाऱ्यांनी ते किमान अमुक तारखेपर्यंत चालेल एवढं तरी शेजारी छापावं. तोवर दसऱ्याच्या सवलतीत आईसाठी कीपॅडचा फोन घेणार असाल, तर दुकानातच सिम घालून बघा, घरी एक बोलता निरोप धाडा, तिकडून उत्तर आलं की मगच पैसे मोजा.