अल्माटी : शहर आणि डोंगर

कझाकस्तानातल्या अल्माटीत पत्ता सांगताना लोक सहज ‘वर’ किंवा ‘खाली’ म्हणतात. वर म्हणजे दक्षिणेकडे, तिएन शानच्या बर्फाळ शिखरांच्या दिशेने. १९९७ मध्ये राजधानीचा मान गेला, पण देशातलं सर्वांत मोठं शहर आजही हेच.

पानफिलॉव्ह बागेतलं झेन्कोव्ह कॅथेड्रल आधी पाहावं. लाकडात उभारलेली ही उंच, रंगीत वास्तू १९०७ मध्ये पूर्ण झाली. १९११ च्या भीषण भूकंपात शहराची धूळधाण उडाली, ही मात्र टिकली! जवळच्या ग्रीन बाजारात जर्दाळू, अक्रोड आणि ‘कुर्त’ मिळतो. कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट, टणक गोळे. चावायची घाई न करता चघळत राहावेत.

मग बसने मेदेऊ. १,६९१ मीटर उंचीवरच्या इथल्या बर्फाच्या मैदानावर स्केटिंगचे अनेक विश्वविक्रम झाले. खरं पाहण्यासारखं आहे ते त्याच्या वरचं धरण. ते पाण्यासाठी नाही, तर डोंगरातून कोसळणाऱ्या चिखल-दगडांच्या लोंढ्यासाठी बांधलेलं. १९७३ च्या जुलैत असा प्रचंड लोंढा या भिंतीने अडवला आणि शहर वाचलं. आठशेहून अधिक पायऱ्या चढताना धाप लागते, तरी चढाव्यातच.

पुढे रोपवेने शिम्बुलाक आणि तिथून सुमारे ३,२०० मीटरवरची तालगर खिंड. हवा विरळ असते, त्यामुळे चाल संथ ठेवावी. भर उन्हाळ्यातही जाकीट सोबत हवंच.

याच पर्वतउतारांवर रानटी सफरचंदं वाढतात. जगभरच्या बाजारांतल्या सफरचंदांचं मूळ त्यांच्यातच आहे, हे जनुकीय अभ्यासांनी दाखवलंय.